अ गटाचा शब्द आणि मूठभर सुकट

फौजेत मी सतरा वर्षं ट्रक चालवला. बर्फात चालवला, चिखलात चालवला, पण ठरल्या वेळेपेक्षा पाच मिनिटंही कधी उशीर केला नाही. त्यामुळे "सकाळी सांगलीत भरती आणि दुपारी चारला सातारला मॅच, दोन्ही होतंय, पोरगं माझ्या ताब्यात द्या" असं मी म्हणालो तेव्हा सगळे तयार झाले. रस्त्याचं ड्रायव्हरनं सांगितलं की बाकीच्यांनी मान हलवायची असते.

ते सगळं कसं बिघडलं ते सांगतो. पण त्यासाठी आधी सुकटाबद्दल सांगावं लागेल, आणि सुकटाच्या आधी क्लबबद्दल.

आमचं गाव कोरेगावच्या खालच्या अंगाला. गावात ऊस आणि रिटायर फौजी, दोन्हीचं पीक चांगलं येतं. फौजेतून परत येताना कुणी ट्रंक आणतो, कुणी घोंगडी आणतो. सुभेदार आकाराम फुटबॉल घेऊन आले. त्यातून आमचा 'जय जवान फुटबॉल क्लब' निघाला. मैदानाच्या एका बाजूला नदी आणि तीन बाजूंना ऊस. चेंडू उसात गेला की मॅच थांबते. एकदा गेलेला चेंडू तोडणीवाल्यांनी दोन महिन्यांनी परत आणून दिला, तोवर आम्ही दुसऱ्या दोन मॅच हरलो होतो.

आमच्या भागातल्या लीगमध्ये अ गट आणि ब गट आहेत. अ गटात सातारा, सांगली, कराडचे मोठे क्लब. ब गटात आम्ही आणि आमच्यासारखे. एकूण सहा संघ. आम्ही नऊ वर्षं पाचवे आलो. सहावा संघ दरवर्षी अर्ध्यातच सोडून जायचा, तेव्हा पाचवा म्हणजे किती खालचा ते तुम्हीच समजा.

आता क्लबनं पुढं काय करायचं, यावर रोज संध्याकाळी आप्पासोंच्या गोठ्यासमोर वाद व्हायचा. आप्पासो क्लबचे अध्यक्ष, गोलचे खांब त्यांच्या विहिरीच्या जुन्या पाइपांचे. आकाराम कोच. आप्पासो म्हशीची धार काढत बोलायचे आणि आकाराम उभ्यानं.

"क्लबला ध्येय पायजे," आकाराम म्हणायचे. "पाच वर्षांत अ गट. धा वर्षांत आपलं पोरगं पुण्या-मुंबईच्या टीममधी."

"आन् पंधरा वर्षांत चंद्रावर."

"थट्टा करू नगा, अध्यक्ष."

"थट्टा न्हाई. पन खेळणार कोन, त्ये सांगा. पोरगं जरा पळायला लागलं की भरती होतंय. चार वर्षांत सात फारवर्ड दिलं आपण देशाला. मागं उरतंय कोन? ज्याला दम लागतोय त्यो."

हे मात्र खरं होतं. दुसरीकडे म्हणे मोठे क्लब लहान क्लबांचे खेळाडू पळवतात. आमचे सरकारनं पळवले, आणि आम्हीच त्यांना हार घालून एसटीत बसवून दिलं.

"म्हणून काय कायमचं ब गटात कुजायचं?"

"कुजायचं कशाला? मान हाय आपल्याला तितं."

"पाचव्या नंबरचा कसला मान?"

"दरसाल पाचवा हाय की. सातत्य म्हनत्यात त्येला."

माझी बायको राजेश्वरी हे सगळं ऐकायची. अकरा वर्षांत तिनं एक मॅच चुकवली नाही. मैदानाच्या कडेला रंगाची रिकामी बादली उपडी टाकून बसायची, हाफटाइमला पोरांना शेंगदाणे-गूळ द्यायची, आणि रेफरीला "आवं शिट्टीवालं, चष्मा घरी इसरला का?" असं विचारायची. दोघांचा वाद फार तापला की मधेच म्हणायची, "तुमी बोलत बसा. तिकडं पोरांच्या बुटातनं अंगठं भायेर आल्यात."

"वैनी, तुमी सांगा," आकाराम विचारायचे. "अ गट का ब गट?"

"आदी गोल मारा, मग गट इचारा."

तिच्या मनात खरं काय होतं ते त्यामुळे कुणालाच कळलं नाही. मला कळत होतं असं मला वाटायचं. एकोणतीस वर्षांचा संसार होता.

गेल्याच्या आधीच्या माघात ती गेली. ताप आला, दवाखान्यात नेलं, चौथ्या दिवशी मी एकटाच घरी आलो. त्याबद्दल एवढंच.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळा समोरच्या बाभळीवर बसला होता, पण बघत होता दुसरीकडे. पाऊण तास झाला. तिच्या भावानं सांगितलं, आईला सांभाळतो. कावळा हलला नाही. तिच्या थोरल्या जावेनं सगळ्यांसमोर कबूल केलं की तीन वर्षांपूर्वी नेलेलं पातेलं परत देते. तरी कावळा ढिम्म. लोक आता माझ्याकडे बघायला लागले. नवऱ्याला ठाऊक असणार, काय राहिलंय ते.

मला ठाऊक होतं. ते माझ्या सदऱ्याच्या खिशात होतं. मूठभर भाजलेलं सुकट.

राजेश्वरी दर बुधवारी सुकट करायची. कांदा घालून, वर लिंबू. आम्ही दोघं चुलीसमोर बसून खायचो. नुसत्या भातासाठी ती कशी येईल, असं मला वाटलं. पण दशक्रियेला सुकट! कुणी बघितलं असतं तर भावकीनं मला तिथंच नदीत ढकललं असतं. मी खिशावर हात ठेवून संधीची वाट बघत उभा होतो.

तेवढ्यात आकाराम पुढे झाले. टाचा जुळवल्या, हात जोडले आणि परेडला सांगावं तसं सांगितलं, "वैनी, एका वर्षात क्लब अ गटात न्हेतो. जय जवानचा शब्द."

सगळ्यांनी डोळे मिटले. मी खिशातली मूठ पिंडाशेजारी सोडली.

कावळा आला. एकटा नाही, चार जण आले.

"जय जवान!" मागून कुणीतरी ओरडलं. दशक्रियेला घोषणा झालेली आमच्या नदीनं पहिल्यांदाच ऐकली असेल. बायका रडायला लागल्या, पोरं एकमेकांच्या गळ्यात पडली. आप्पासो तेवढे पांढरे पडले होते.

"सुभेदार," ते हळूच म्हणाले, "एक वरीस का म्हनलासा? धा म्हनायचं."

सुकटाचं मी पोटातच ठेवलं. कुणाला काय सांगणार? आणि त्या दिवशी मला एवढंच पुरेसं होतं की ती आली आणि जेवून गेली.

पण शब्द गावाच्या मानगुटीवर बसला. सकाळी साडेपाचला सराव सुरू झाला. एखादा उठला नाही तर आकाराम त्याच्या दारात जाऊन फक्त एवढंच विचारायचे, "वैनीस्नी काय सांगू?" पोरगं एका पायात बूट घालून पळत यायचं. ज्या आप्पासोंना अ गट नको होता ते रोज दोन लिटर दूध पाठवायला लागले. मैदानात राजेश्वरीची बादली तशीच उपडी ठेवलेली असायची. तिच्यावर कुणी बसायचं नाही. चेंडू लागला तर पोरं तिच्या पाया पडायची.

आणि संघ जिंकायला लागला. सूरज म्हणून आप्पासोंचा पुतण्या आहे. वाऱ्यासारखा पळतो. त्यानं एकट्यानं चौदा गोल मारले. पाचव्याचे आम्ही तिसरे झालो, तिसऱ्याचे दुसरे. शेवटची मॅच शिरवळच्या संघाशी, साताऱ्यात, रविवारी चार वाजता. जिंकलो तर अ गट. आणि मंगळवारी राजेश्वरीचं वर्षश्राद्ध. शब्दाची मुदत अगदी काठावर येऊन ठेपली होती.

मग सूरजचं भरतीचं पत्र आलं. मैदानी चाचणी, सांगलीत, त्याच रविवारी सकाळी. वयाच्या अटीमुळे त्याची ही शेवटची संधी.

"जात न्हाई म्या," सूरज म्हणाला. "काकूंच्या शब्दाफुडं भरती काय मोठी न्हाई."

आकाराम आयुष्यभर सांगत आले, आधी फौज, मग बाकीचं. ते आता आपल्या बुटाची लेस बघत उभे राहिले. आप्पासो धार काढायचे थांबले. तिकडे म्हशीनं मान वळवून बघितलं.

दोन दिवस मला भाकरी गोड लागली नाही. मूठभर सुकटापायी एका पोराची नोकरी जाणार होती. शुक्रवारी संध्याकाळी मी गोठ्यासमोर गेलो. तिघंही होते. म्हटलं, आता सांगून टाकायचं.

"सूरज, तू भरतीला जा. त्यो कावळा शब्दाला आला न्हवता."

"मग कशाला आला हुता?"

"सुकटाला. मी टाकलं. खिशात हुतं."

मग आप्पासोंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"नाथाजी," ते म्हणाले, "माझ्या पोराचं भलं व्हावं म्हनून तू सोताच्या अंगावर एवढं किटाळ घेतोस?"

"किटाळ न्हाई. खरंच टाकलं."

"बायकूच्या दशक्रियेला सुकट टाकलं म्हनून सांगतोय बगा ह्यो," आकाराम म्हणाले. "कुनाच्यासाठी? लोकाच्या पोरासाठी. असा मानूस मी फौजेतबी बगितला न्हाई."

"आवं पन..."

सूरज माझ्या पाया पडला. "काका, आता तर मी मॅच सोडतच न्हाई."

आयुष्यात एकदा एवढं मोठं खरं बोललो तर त्याचं असं झालं. मग माझ्यापुढे रस्ताच उरला नाही, म्हणजे खरं तर रस्ताच उरला. सांगली ते सातारा. मी म्हटलं, दोन्ही करू, मी आहे.

रविवारी सहाला मी सूरजला सांगलीत मैदानावर उतरवलं. पोरगं सोळाशे मीटर पहिल्या पाचात पळालं. बीमवरचे पुलअप्स झाले, खंदकावरची उडी झाली, छाती मोजून झाली. माझ्या अंदाजानं बाराला सुटायला हवं होतं. पण कागद तपासायच्या रांगेत एक वाजला. हरकत नाही, म्हटलं. सव्वातीनला साताऱ्यात. बूट घालायला पाऊण तास.

आष्ट्याच्या अलीकडे उसाची ट्रॉली उलटली होती. रस्ताभर ऊस. पुढच्या गाड्यांतले लोक खाली उतरून ऊस खात बसले होते, ज्याची ट्रॉली त्याच्यासकट. फोन वाजला.

"कुटं आलासा?" आकारामांनी विचारलं.

"कराड जवळ आलं."

ड्रायव्हर माणूस फोनवर जिथं असतो तिथं कधीच नसतो, हे सगळ्यांना माहीत आहे. तास झाला तरी ट्रॉली सरळ होईना. मग मला कालव्याकडचा रस्ता आठवला. पिकअप वळवली. त्या रस्त्याचा खडा न् खडा मला ठाऊक होता, कारण पुढे माझी सासुरवाडी लागते. माझ्या योजनेत खोट होती ती नेमकी इथं. रस्ता मला ओळखीचा होता, पण रस्त्यावरचं गावही मला ओळखत होतं.

सासूबाईंचं नाव हरणाबाई. वय ब्याऐंशी. सुईत दोरा ओवता येत नाही, पण कट्ट्यावर बसून पन्नास हातांवरचा जावई ओळखतात. मी स्टिअरिंगमागं मान घातली.

"नाथाजी न्हवं ह्यो?" आवाज आला. "पावनं, म्हातारीच्या दारावरनं तोंड लपवून चाललासा व्हय?"

ब्रेक आपोआप दाबला गेला. दहाव्यानंतर मी तिकडे फिरकलो नव्हतो. त्या घरात राजेश्वरीशिवाय कधी गेलो नव्हतो, म्हणून वर्षभर गेलोच नाही. आता गाडी तशीच दामटणं मला जमलं नाही.

"आत्ती, पोराची भरती उरकून आलोय, मॅच हाय सातारला. चारला."

"असंल की. हात धुवा."

"खरंच येळ न्हाई."

"पोरगं कवापास्नं उपाशी हाय? बगा तोंड कसं झालंय."

पोरगं पहाटेपासून दोन केळ्यांवर होतं. आतून मटणाच्या रश्श्याचा वास येत होता. सूरज माझ्याकडे बघत नव्हता, चुलीकडे बघत होता. मी म्हटलं, दोन घास. पाच मिनिटं.

पहिली भाकरी गेली ती दिसलीच नाही. दुसरी दिसली. तिसरीला मी त्याच्या मांडीला चिमटा काढला.

"पोराला चिमटं काढू नगा," सासूबाई म्हणाल्या. "खाऊ द्या. भरती हून आलंय."

चौथ्या भाकरीला फोन वाजला.

"वॉर्मअप सुरू झालाय. कुटं हाय तुमी?"

"कराड ओलांडलं."

"पावनं, रस्सा वाढू का अजून?" सासूबाईंनी मागून विचारलं.

"नाथाजी," आकाराम म्हणाले, "कराडाच्या फुडं हायवेवर रस्सा कोन वाढतंय?"

मी फोन बंद केला. सासूबाई माझ्या ताटाशी येऊन बसल्या.

"आज सुकट न्हाई बरं का. तुमाला आवडतंय, ठावं हाय मला. राजी सांगायची."

"तिलाबी आवडायचं," मी म्हणालो.

"राजीला? सुकट?" म्हातारी हसली. "ल्हानपनी शेजारी सुकट भाजलं तरी ही मळ्यात पळून जायची. 'आये, ह्यांच्यापायी दर बुधवारी नाकाला पदर लावून भाजती,' असं सांगायची मला."

"माझ्यासंगं खायची की वो ती."

"खायची. तुमी एकलं जेवाय बसू ने म्हनून."

हातातला घास हातात राहिला. एकोणतीस वर्षं. बुधवार किती झाले ते मोजायला गेलो आणि मधेच सोडून दिलं. एकदाही कळू दिलं नाही बाईनं. वर लिंबू पिळून द्यायची ती कशासाठी, ते आता लक्षात आलं. वास मरावा म्हणून.

मग दुसरी गोष्ट लक्षात आली आणि मी ताटावरून उठलोच. दहाव्याला कावळ्याच्या रूपानं राजेश्वरी आली असेल, तर सुकट बघून ती उलट्या दिशेला उडाली असती. तरी ती आली. म्हणजे ती आकारामांच्या शब्दाला आली. शब्द खरा होता! मी वर्षभर त्याला मनातल्या मनात हसत होतो, आणि मॅच सुरू व्हायला पंधरा मिनिटं असताना तिचा फारवर्ड मी वाळवा तालुक्यात पाचवी भाकरी खात बसवला होता.

"ऊठ," मी सूरजला म्हणालो.

"काका, एवढी आर्धी..."

"ऊठ म्हनतो ना."

हात गाडीतच पुसले. फौजेतसुद्धा मी तशी गाडी कधी चालवली नाही. सूरज शेजारी पोटावर हात ठेवून बसला होता आणि प्रत्येक गतिरोधकाला "आये" म्हणत होता.

मैदानावर पोचलो तेव्हा पंचवीस मिनिटं उरली होती. एक-एक बरोबरी. आकारामांनी माझ्याकडे बघितलं नाही. सूरजला ढकलून आत पाठवलं. सगळ्या गर्दीत बसायला एकच जागा मोकळी होती. राजेश्वरीची बादली. आकाराम ती गावाहून घेऊन आले होते. मी तिच्यावर बसलो.

त्या बादलीवरून मॅच वेगळीच दिसते. फार खाली बसतो माणूस. चेंडू दिसत नाही, गोल दिसत नाही. दिसतात ते नुसते बूट. कुणाचा तळवा सुटलेला, कुणी सुतळीनं बांधलेला. आमच्या डाव्या बाजूच्या बॅकचा अंगठा तर बाहेर येऊन मॅच बघत होता. अकरा वर्षं तिला हेच दिसत होतं.

इकडे सूरज दहा पावलं पळाला आणि त्याला उचकी लागली. साधी नाही. सगळं अंग उडायचं. पळायला लागला की उचकी, चेंडू आला की उचकी. शिरवळचा बॅक घाबरून लांब उभा राहायला लागला.

"काकू आटवन काढत्यात," आमची पोरं म्हणायला लागली.

"काकू न्हाईत," मी पुटपुटलो. "पाच भाकऱ्या हायत."

शेवटच्या दोन मिनिटांत शिरवळच्या एकानं चेंडू हातानं अडवला. पेनल्टी. सूरजनं चेंडू ठेवला. आप्पासोंनी टोपी काढली. ज्यांना कधी अ गटात जायचंच नव्हतं ते आप्पासो डोळे मिटून देवाची नावं घेत होते. सूरज मागं सरला, धावत आला, पाय उचलला.

उचकी.

चेंडू गोलवरून गेला, भिंतीवरून गेला आणि बाहेर उभ्या रिक्षात पडला. रिक्षावाल्याला वाटलं पॅसेंजर बसला. तो पोवई नाक्याकडे निघून गेला. रेफरीनं थोडा वेळ वाट बघितली आणि शिट्टी वाजवली. बरोबरी. शिरवळ अ गटात, आम्ही दुसरे.

परत येताना पिकअपमध्ये सूरज रडत होता, त्यातही उचकी थांबत नव्हती. मी सगळ्यांना सांगून टाकलं. सासुरवाडी, मटण, सगळं. आप्पासोंनी फक्त एक विचारलं.

"मटान कसं हुतं?"

"चांगलं हुतं," सूरज म्हणाला.

मंगळवारी वर्षश्राद्ध. कावळ्याचं पान माझ्या घराच्या पत्र्यावर ठेवलं. सगळा क्लब अंगणात रांगेनं उभा. कावळा शेजारच्या टीव्हीच्या डिशवर आमच्याकडे पाठ करून बसलेला.

"बगा," आप्पासो कुजबुजले, "वैनी शांत हायत. ब गट पटलाय त्यास्नी."

"शांत न्हाईत," आकाराम म्हणाले. "पाठ फिरवून बसल्यात. शब्द मोडला आपण."

"आवं, धा वर्सं सांगा म्हनलं हुतं मी तवाच."

"धा वर्सांनी तुमी आसनार हाय का?"

पिंडाच्या वेळी थांबलेला वाद वर्षानं तिथूनच पुढं सुरू झाला. माझा हात सवयीनं खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. त्या आठवड्यात मी सुकट आणलंच नव्हतं. मी पुढे झालो.

"राजेश्वरी," मी म्हणालो, "माझ्यामुळं चुकलं. फुडल्या साली अ गटासाठी मी सोता बगतो."

कावळा हलला नाही.

"आन् सगळ्या पोरांस्नी नवं बूट," मी म्हणालो.

कावळा वळला, पत्र्यावर उतरला आणि जेवायला लागला.

कुणी घोषणा दिली नाही. आकारामांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मग आप्पासो म्हणाले, "आयकलं का सुभेदार? अ गट म्हनल्यावर हालल्या न्हाईत."

"अ गट म्हनल्यावर पंख हालला हुता. म्या बगितला."

"वारं हुतं त्ये."

तो वाद अजून चालू आहे. बूट आले. आप्पासोंनी एक म्हैस कमी केली म्हणतात, ते कबूल करत नाहीत. डाव्या बॅकचा अंगठा आता आत असतो. मी रोज साडेपाचला मैदानावर जातो आणि बादलीवर बसतो. त्या दिवशी कावळा बुटांसाठी आला की पानावरच्या भज्यासाठी, हे मी स्वतःला विचारायचं सोडून दिलं आहे.

आता एकच अडचण राहिली आहे. सूरज भरतीत निवडला गेला. आम्हीच त्याला हार घालून एसटीत बसवून दिलं. म्हणजे अ गटाचा शब्द आहे, बूट आहेत, फारवर्ड नाही. तेव्हा तुमच्या बघण्यात चांगला पळणारा, पण भरतीत उंचीला कमी पडलेला कुणी पोरगा असेल तर आमच्याकडे पाठवा. राहायची सोय माझ्या घरी आहे, जेवण मी करतो. मॅचच्या दिवशी दोनच भाकऱ्या मिळतील. आणि बुधवारी सुकट मागू नये. आमच्या घरात आता वास चालत नाही.